चार सेकंद

साइट सुरू होऊन चार महिने झाले, तरी
किसुमूत बसून कुणी बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती शोधली
तर आमचं नाव तिसऱ्या पानावर,
नैरोबीच्या एका दुकानाखाली,
जिथून सरोवर दिसतसुद्धा नाही.
ओकेयो म्हणाला, तिसऱ्या पानावर कोण जातं, अपोंदी?

मी काही बोलले नाही.
तो इंजिन उघडून बसतो तेव्हा मी बोलते का?
मीही माझं उघडलं.

अठ्ठावीस दिवसांत दोनशे बारा माणसं आलेली.
एकशे नव्वद मोबाइलवरून.
थांबली सरासरी नऊ सेकंद, आणि गेली.
नऊ सेकंदांत माणूस काय करतो?
उंबऱ्यापर्यंत येतो, आत डोकावतो,
चपला न काढताच मागे फिरतो.
मला तसंच वाटलं. रागही आला थोडा.
फोटो मी स्वतः काढले होते:
निळं शटर, रांगेत मांडलेले पंखे,
आणि सगळ्यात वर, पानभर रुंद,
टोपी घातलेले सासरे,
ज्यांच्या नावाचं हे दुकान.

मग तासांप्रमाणे लावून पाहिलं.
आलेख दिवसभर आडवा पडलेला
आणि रात्री एक ते चार
ताठ उभा.

या वेळी जागं कोण असतं?
राखणदार, बाळंतिणी,
आणि ओमेनावाले.
बोटाएवढा मासा, चांदीच्या रंगाचा,
काळ्या पाण्यावर दिवे तरंगत सोडले की वर येतो.
डुंगाच्या काठावरून ते दिवे आम्ही लहानपणी मोजायचो.
एखादा कमी भरला
तर आई म्हणायची, पुन्हा मोजा.

शोधलेले शब्द काढले.
आम्ही पानावर लिहिलं होतं:
आउटबोर्ड मोटरची विश्वासार्ह देखभाल.
ते विचारत होते, निम्मं लुओत, निम्मं स्वाहिलीत,
गारठलेल्या बोटांच्या शुद्धलेखनात:
इंजिन बंद पडलं रात्री काय करू
पाणी शिरलं सुरू होत नाही
मेकॅनिक आत्ता
एकाने नुसतंच, तीनदा:
इंजिन इंजिन इंजिन

राखणदाराचा जुना फोन मागून घेतला,
धक्क्याच्या टोकाला गेले,
नेटवर्कची एकच दांडी उरली तिथे थांबले
आणि आमचंच पान उघडून मोजत बसले.
पाच. पांढरं.
नऊ. पांढरं.
चौदा. सासऱ्यांची टोपी.
एकवीस. कपाळ.
डोळे यायच्या आत मी फोन खाली केला.

म्हणजे कुणी मागे फिरलं नव्हतं.
दारच उघडलं नव्हतं आम्ही.

त्या रात्री सासऱ्यांना पानाच्या तळाशी नेलं,
टपाल तिकिटाएवढं केलं,
हळू आवाजात क्षमा मागितली.
वर ठेवला फक्त फोन नंबर, अंगठ्याखाली मावेल एवढा,
आणि खाली त्यांचेच शब्द,
त्यांच्याच चुकांसकट.

सहा आठवडे लागले.
तिसऱ्या पानावरून दुसऱ्यावर,
मग एका मंगळवारी पहिल्यावर, पाचवे.
पण ओकेयोचं बोट भलत्याच आकड्यावर:
नऊचे चार सेकंद झाले?
मग सुधारलं काय, बाई?

मी समजावायला तोंड उघडलं
आणि फोन वाजला. दोन वाजून दहा.
आधी नुसता वारा,
मग एक पोरगेला आवाज: मी न्यांग्वेसोचा धाकटा.
ओकेयोने फोन माझ्या हातून घेतला.
प्लग काढ, म्हणाला.
सदऱ्याला पुसू नकोस, तोही ओलाच असेल.
फुंकर मार. अजून. आता दोरी ओढ.

मला ऐकू आलं ते खोकल्यासारखं होतं,
मग खोकल्यासारखं राहिलं नाही.

सकाळी पाहिलं, आकड्यांत तो असा दिसतो:
एक भेट. मोबाइल.
चार सेकंद.
गेला.